चाळिशीत बेली डान्सचा क्लास: आधी गुडघ्यांबद्दल बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४२. शाळेच्या गॅदरिंगनंतर कधी नाचले नाही. दोन सिझेरियन झालीत, धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. पोट सुटलंय, अधूनमधून कंबर धरते. घराजवळ बेली डान्सची बिगिनर्स बॅच सुरू होतेय. लावावी का? पोट उघडं टाकावं लागतं का? वजन उतरेल का? आणि घरी काय सांगू?"

लावा. वयाचा मुद्दा पहिल्याच वाक्यात निकालात काढते. मी स्वतः सुरुवात केली ती चौतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून. आता शिकवायला लागूनही अकरा वर्षं झाली. माझ्या बॅचमध्ये विशीतल्या मुली पायऱ्या भराभर उचलतात, पण संथ तुकडा आला की चाळिशीच्या बायका पुढे असतात. कैरोतल्या रसिकांनाही पोरसवदा नर्तकीपेक्षा मुरलेली नर्तकी जास्त भावते. तेव्हा ते सोडा.

पोटाचं मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण नावातच घोळ आहे. अरबीत या नाचाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. 'रक्स' हा शब्द गझलांमुळे आपल्याही कानावरचा आहे. घरगुती, गावरान बाजाला रक्स बलदी म्हणतात. बलदी म्हणजे आपल्या गावचं, आपल्या मातीतलं. 'पोटाचा नाच' हे नाव फ्रेंचांचं. १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात कैरोची एक गल्लीच उभी केली होती. तिथल्या नाचाच्या खेळांमुळे हे नाव अमेरिकेत गाजलं आणि मग जगभर चिकटलं. तिकिटं खपवायला 'पूर्वेकडचा नाच'पेक्षा 'पोटाचा नाच' बरा पडत असणार.

या नावामुळे होतं काय, की नवी बाई पहिल्या दिवशी आरशासमोर उभी राहते आणि पोट हलवायला बघते. पोट काही हलत नाही. मग ती श्वास रोखते, ढुंगण आवळते, खांदे कानापर्यंत नेते आणि घरी जाऊन म्हणते, आपल्याला नाही बाई जमायचं. मी पहिले दोन महिने पोटाची एकही हालचाल शिकवत नाही. पोट आत-बाहेर लाटेसारखं फिरवणं फार पुढचं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण नाचात ते चिमूटभर असतं. सुरुवातीचं सगळं काम गुडघे करतात.

आत्ताच करून बघा. अनवाणी उभ्या राहा, पावलं खुब्यांच्या खाली, बोटं समोर. दोन्ही गुडघे किंचित सैल सोडा. आता उजवा गुडघा हळूच सरळ करा, डावा तसाच वाकलेला ठेवा. कंबरेची उजवी बाजू आपोआप वर गेली ना? ही झाली हिप लिफ्ट. गुडघा पुन्हा सैल सोडलात की बाजू खाली येते, हा हिप ड्रॉप. बरगडीखालचे तिरके स्नायू नंतर मदतीला येतात आणि हालचालीला धार आणतात, पण इंजिन गुडघ्यात आहे. एक गंमत अशी की बहुतेक आयांची एक बाजू चटकन उचलली जाते आणि दुसरी हटून बसते. वर्षानुवर्षं मूल एकाच कडेवर घेतल्याचा हा हिशोब असतो. हटलेल्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

मात्र हालचाल जमणं हा निम्माच धडा आहे. हिप ड्रॉप करताना छाती हलली, खांदा पडला, मान डुलली की बघणाऱ्याला फक्त एक बाई गदागदा हलताना दिसते. हीच हालचाल बाकीचं अंग दगडासारखं शांत ठेवून केली की तिथं नजर खिळते. म्हणून मी बायकांना 'कंबर हलवा' असं क्वचितच म्हणते. 'छाती कुठे चालली?' हे मात्र तासात पन्नास वेळा विचारते. क्लासच्या भाषेत याला आयसोलेशन म्हणतात. घरी सराव करताना डोक्यावर एखादं पातळ पुस्तक ठेवा आणि गोल कंबर फिरवा, जात्याचा खुंटा धरून दळल्यासारखी, सावकाश. पुस्तक पडलं की कुठला अवयव नको तिथं गेला ते लगेच कळतं. तसाच 'आठ' काढायचा असतो, एक आडवा आणि एक उभा. हा आठ इंग्रजी आकड्याचा हं. एका बाईंनी मनापासून देवनागरी ८ काढला होता, अर्ध्यातच संपला.

आता शिमी. सगळ्यांना हीच शिकायची असते आणि सगळ्यांची इथंच फसगत होते. शिमी म्हणजे कंबरेचा तो झरझर थरथराट. बघणाऱ्याला वाटतं, बाई जोर लावून कंबर झटकतेय. असतं उलटं: मघाचाच गुडघ्याचा खेळ, उजवा-डावा, उजवा-डावा, फक्त लय वाढलेली आणि वरचं सगळं मांस सैल. थरथर दिसते ती त्या सैलपणामुळे. त्यामुळे ज्या सुटलेल्या अंगाची तुम्हाला लाज वाटतेय, तेच शिमीत कामाला येतं. काटकुळ्या मुलींना तेवढाच परिणाम दाखवायला दुप्पट कष्ट पडतात. सुरुवात ठाय लयीत करा, सेकंदाला एक पाय. टाचा जमिनीला, गुडघा सरळ होताना कडक लॉक नको. लॉक केलात तर आठवड्याभरात गुडघे बोलायला लागतील. लय दुप्पट करा, मग चौपट. मध्येच तुटली की थांबा आणि परत ठायीवर या. मांड्या भरून येतील, तेवढं दुखणं ठीक. श्वास कोंडला जातोय का हे ओळखायची माझी एक युक्ती आहे: शिमी करता करता मोठ्याने पाढे म्हणायचे. साताचा पाढा न अडखळता पार पडला तर श्वास चालू आहे. 'सात त्रिक' पाशी आवाज चिरकला तर कुठंतरी आवळलेलं आहे. आमच्या वर्गाबाहेरून जाणाऱ्यांना आत शिकवणी चालते असं वाटत असेल.

सरावाला रोज तास काढायची गरज नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी शिमी, दात घासताना हिप लिफ्ट, एवढं रोज केलंत तरी आठवड्यातून एकदा तासभर घाम गाळण्यापेक्षा अंगात जास्त मुरतं. साधारण तिसऱ्या महिन्यात एक दिवस पाय आपसूक चालायला लागतात. त्याआधी 'काहीच येत नाही' असं वाटण्याचा एक लांबलचक कंटाळवाणा पट्टा येतो. निम्म्या बायका तिथंच गळतात.

हालचालींइतकंच, खरं तर त्याहून जास्त, कानावर काम करावं लागतं, आणि बहुतेक क्लास इथं हात आखडता घेतात. या नाचाचा प्राण असलेलं वाद्य म्हणजे दरबुका. इजिप्तमध्ये तिला तबलाच म्हणतात, पण असते ती सुरईच्या आकाराची, मांडीवर आडवी धरून वाजवायची. मध्यावरचा घुमणारा बोल डुम, काठावरचा कोरडा बोल तक. सगळ्यात नेहमीचा ठेका मकसूम. आठ मात्रा मोजा आणि टाळी वाजवत म्हणा: डुम तक – तक डुम – तक –. तिसरी, सहावी, आठवी मात्रा रिकामी. यातल्या दुसऱ्या मात्रेवर तकच्या जागी डुम टाकला की बलदी झाला: डुम डुम – तक डुम – तक –. आणि मकसूममधल्या चौथ्या मात्रेवर डुम टाकला की सईदी: डुम तक – डुम डुम – तक –. एका बोलाच्या फरकानं ठेक्याचा स्वभाव बदलतो. बलदी जड आणि जमिनीला धरून असतो. सईदी दक्षिण इजिप्तचा, रांगडा. त्या भागात पुरुषांचा तहतीब नावाचा लाठीचा खेळ आहे, २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला. आपल्या मर्दानी खेळांची आठवण यावी असा. बायका सईदीवर हातात काठी घेऊन नाचतात, ती त्या खेळाची लाडिक नक्कल.

आपल्या कानाची इथं एक अडचण होते, ती मला कुठल्याच शिक्षिकेनं सांगितली नव्हती. आपण लहानपणापासून भजनात, सिनेगीतांत केरवा ऐकत वाढतो. तोही आठ मात्रांचा, म्हणून वाटतं की हे आपल्याला येतंच. पण केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली असते, म्हणजे घुमारा नसतो. मकसूममध्ये नेमका तिथंच दुसरा डुम बसतो. त्यामुळे मराठी बाई पाचव्या मात्रेला सवयीनं अंग हलकं सोडते, आणि तिथं तर कंबर खाली पडायला हवी असते! मी स्वतः वर्षभर हे चुकत होते. उपाय साधा आहे. महिनाभर नाचूच नका म्हटलं तरी चालेल. भांडी घासताना, गाडीत बसल्या बसल्या नुसतं तोंडानं डुम-तक म्हणत राहा.

ठेक्यावर सूर येतात. नाय म्हणजे बासरीच्या कुळातलं वाद्य, त्याच्या लांब फुंकरीवर हात आणि छाती वाहतात. कानून हे स्वरमंडळासारखं दिसणारं तंतुवाद्य थरथरत वाजायला लागलं की तिथं शिमी, पावलं जागची हलवायची नाहीत. टकसीम आला, म्हणजे एकाच वाद्याचा आलाप, की संथ आठ आणि गोल. काही सूर सुरुवातीला उतरलेले वाटतील. ते बेसूर नाहीत, आपल्या पेटीत नसलेल्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा आहेत. इजिप्तचे वादक अकॉर्डियनसुद्धा त्या जागांसाठी वेगळं लावून घेतात. आणि गाण्याला शब्द असतील तर अर्थ विचारून घ्या. मी पहिल्या कार्यक्रमात एका विरहाच्या गाण्यावर दात दाखवत नाचले होते. प्रेक्षकांत अरबी समजणारे एक गृहस्थ होते, नंतर फार सौजन्यानं म्हणाले, "ती बिचारी रडतेय हो गाण्यात."

नाच शिकलेल्यांसाठी एक ओळ. भरतनाट्यम केलेल्यांनी अरमंडीत उघडलेली पावलं समांतर करावीत. लावणीवाल्यांना कंबर आधीच ठाऊक असते, त्यांनी फक्त पाय आपटायचा मोह आवरावा, इथं घुंगरू नाहीत आणि पाऊल मुकं असतं.

आता तुमची कंबर आणि टाके. सिझेरियन होऊन नऊ वर्षं झालीत, त्यामुळे टाक्यांची भीती नाही. पण गरोदरपणात पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये फट पडते, ती काहीजणींची पूर्ण भरून येत नाही. फिजिओथेरपिस्ट दोन मिनिटांत तपासून सांगतो. फट असेल तर पोटाची लाट आणि मागे वाकणं बंद ठेवा आणि शिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांगा. कंबरदुखीची कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर, मग नाच. नुसती बसून बसून आखडलेली कंबर असेल तर बहुतेकींना या नाचानं बरं वाटतं, एका अटीवर: पोक नको आणि उलटा बाकही नको. भिंतीला पाठ लावून, टाचा चार बोटं पुढे घेऊन उभ्या राहा. कंबर आणि भिंतीमधून हात आरपार जात असेल तर गुडघे सैल करून माकडहाड जमिनीकडे सोडा, फट कमी होईल. तशीच पाठ ठेवून भिंत सोडायची. आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही आणि प्रत्येक बॅचमध्ये दोघी-तिघींना असते: शिमी करताना थेंबभर लघवी निसटणं. बाळंतपणानंतर हे सर्रास होतं, लाजून क्लास सोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते तज्ज्ञाकडून शिकून घ्या.

वजनाचं सरळ सांगते. पहिल्या तीन-चार महिन्यांत हा नाच इतका सावकाश चालतो की त्यानं वजन उतरेल ही आशा धरू नका. 'पोटाची चरबी वितळवा' अशी पाटी लावलेला क्लास दिसला तर ती पाटी खोटी आहे. पोट हलवल्यानं पोटाचीच चरबी जात नाही. उभं राहणं सुधारतं, मांड्या बळकट होतात, आणि ताठ उभी राहिलेली बाई तशीही दोन किलोनं हलकी दिसते. त्यापुढचं काम भात आणि चालणं यांच्यावर सोपवा.

शिक्षिका निवडताना एक ट्रायल क्लास कराच, त्याचे पैसे लागले तरी. तिला विचारा, कुणाकडे शिकलात आणि शैली कोणती. इजिप्शियन, तुर्की, लेबनीज, की अमेरिकेतली ट्रायबल. ही शेवटची एका अर्थानं वेगळंच झाड आहे: १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलेना नेरिचिओनं सुरू केलेल्या समूहातून वाढलेली, बायका खुणांवरून एकत्र आयत्या वेळी नाच रचतात. कुठलीही चालेल, फक्त शिक्षिकेला उत्तर देता आलं पाहिजे. 'सगळं मिक्स करते' म्हणणारीकडे बहुधा काहीच पक्कं नसतं. पहिल्याच तासाला हिंदी गाण्यावर आख्खा डान्स बसवायला घेतला तर उठून या. 'आठ क्लासमध्ये सर्टिफिकेट' हेही तसंच. न विचारता कंबरेला हात लावून 'अशी फिरवा' करणारी, मग ती बाई का असेना, नको. रील काढण्याबद्दल आधीच स्पष्ट बोलून घ्या; माझ्या एका विद्यार्थिनीचा आधीच्या क्लासमधला व्हिडिओ तिला न विचारता टाकला गेला आणि तिच्या ऑफिसभर फिरला. फरशी गुळगुळीत संगमरवरी असेल तर पातळ तळव्याचे नाचाचे बूट घ्या, लाकडी किंवा व्हिनाइलची असेल तर अनवाणी उत्तम. ऑनलाइन शिकता येतं, पण पहिले तीन महिने कुणीतरी तुमचे गुडघे समोरून बघायला हवेत.

कपड्यांत काही नाही. लेगिंग्ज आणि अंगासरशी टी-शर्ट. पोट उघडं टाकायची मुळीच गरज नाही. खुद्द इजिप्तमध्ये व्यावसायिक नर्तकीनं पोट झाकावं असा नियम आहे, म्हणून त्या तिथं अंगाच्या रंगाची जाळी लावतात. बलदी नाच तर पायघोळ झग्यात, कंबरेला फडकं बांधून होतो. तुम्हीही ओढणी बांधा, कंबर कुठं जातेय ते आरशात दिसावं एवढ्यासाठी. नाण्यांचा पट्टा लगेच घेऊ नका, त्या छनछनाटात ठेका ऐकू येत नाही. पुढं कधी व्हेल, म्हणजे हातात तलम कापड घेऊन नाचणं, शिकायची वेळ आली तर जुनी शुद्ध रेशमी शिफॉनची साडी असेल तर निम्मी कापा, हवेवर सुरेख तरंगते. सिंथेटिक अंगाला चिकटते.

राहिला घरचा प्रश्न. 'हजारो वर्षांपूर्वीचं देवीचं नृत्य आहे' असं सांगून काहीजणी सासूबाईंना पटवतात. याला पुरावा नाही, आणि त्या कुबडीची गरजही नाही. हा इजिप्तमध्ये घराघरांत, लग्नाकार्यात बायका बायकांत नाचला जाणारा नाच आहे. मंगळागौरीला दार लावून आपण जे करतो त्याच जातीचा. त्याला रंगमंचाचं रूप मिळालं ते नर्तकी बदिया मसाबनीनं १९२६ साली कैरोत नाट्यगृह-क्लब काढल्यावर. तहिया कारिओका, सामिया गमाल या गाजलेल्या नर्तकी तिच्याकडच्याच. १९५९ साली नर्तक महमूद रेदानं लोकनृत्यांची मंडळी उभी केली आणि चांगल्या घरच्या मुलामुलींनी रंगमंचावर नाचायला सुरुवात केली. पुरुषही नाचतात, टिटो सैफ हा इजिप्तचाच नावाजलेला नर्तक. बदनामीही तिथं आहेच. १८३४ साली इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली पाशानं नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेला धाडलं होतं, आणि आजही लग्नात नर्तकी हवी, पण सून म्हणून नको, हा दुटप्पीपणा तिथल्या समाजात दिसतो. तमाशातल्या बायकांच्या बाबतीत आपण वेगळं काय केलं?

माझ्या सासूबाईंना मी आधी काही सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघरात शिमी करताना पकडले गेले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "गुडघे दुखत नाहीत का गं?" मी म्हटलं, लॉक केले नाहीत तर नाही. दुसऱ्या दिवशी ओट्याला धरून त्या हळूच एकेक गुडघा वाकवून बघत होत्या.

पहिल्या दिवशी दोन तास आधी जेवा, पाण्याची बाटली आणि ओढणी न्या. आणि मागच्या रांगेत लपू नका. तिथून शिक्षिकेचे गुडघे दिसत नाहीत.